मांजराच्या कॅन्सरचं 'परदेशी औषध': माझे ५३,९०० गेले, तुमचे वाचवा

५३,९०० रुपये. चार हप्त्यांत, यूपीआयने, माझ्याच हाताने पिन टाकून दिलेले. आकडा आधीच लिहून टाकते. सासरी अजून खरा आकडा कुणालाच सांगितलेला नाही, पण लाजेपायी मी गप्प बसले तर हे खोटं औषध विकणारा तोच माणूस उद्या तुमच्याकडून घेईल.

आमची चिंगी अकरा वर्षांची. उलट्या सुरू झाल्या, वजन उतरत गेलं, पाठीचा कणा हाताला लागायला लागला. सोनोग्राफीत आतड्याची भिंत जाड झालेली आणि पोटातल्या लसिका ग्रंथी सुजलेल्या दिसल्या. आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, लिम्फोमा वाटतोय. मांजरांत नेहमी दिसणारा कॅन्सर आहे हा. पण लहान पेशींचा की मोठ्या पेशींचा, हे बायोप्सीशिवाय नक्की सांगता येणार नाही, आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून. लहान पेशींचा निघाला तर क्लोरॅम्ब्युसिल (केमोचं औषध) आणि प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) यांच्या गोळ्या घरीच देता येतात, त्यावर बरीच मांजरं दीड-दोन वर्षं छान काढतात. मोठ्या पेशींचा असेल तर शिरेतून केमो, आणि तरी बहुतेकदा महिन्यांचाच हिशेब. बायोप्सीचा खर्च २८,००० सांगितला. भूल, पोटावर चिरा, अकरा वर्षांचा जीव. "खात्री मी देऊ शकत नाही," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आणि निघताना बजावलं: बायोप्सी होईपर्यंत स्टेरॉइड कुणीही सांगितलं तरी द्यायचं नाही, त्याने रिपोर्ट फसतो आणि पुढे केमोलाही दाद कमी मिळू शकते.

दोन-तीन रात्री मी फोनवर फक्त मांजरांचा लिम्फोमाच शोधत होते. मग ती रील आपोआप समोर आली. पुढचं तुम्हाला माहीतच आहे: "आधी" आणि "नंतर"चे फोटो, रडून आभार मानणाऱ्या बायका, खाली एक नंबर, आणि लगेच सामील करून घेणारा ग्रुप.

आता मला मूर्ख म्हणण्याआधी एक गोष्ट ऐकून घ्या. ज्यांनी मांजरं पाळली आहेत त्यांना एफआयपी हा मांजरांचा विषाणूमुळे होणारा आजार माहीत असेल. तो आजार झाला की मांजर गेलंच, असं वर्षानुवर्षं धरलं जायचं. मग त्यावर जीएस-४४१५२४ हे औषध आलं. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातल्या नील्स पेडरसन यांच्या चमूने त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तरी कित्येक वर्षं ते बहुतेक देशांत अधिकृतपणे मिळेना. लोकांनी ते चीनमधून, अनोळखी माणसांच्या ग्रुपमधून, विनापरवाना मागवलं, ८४ दिवस दिलं, आणि मांजरं खरोखर जगली. माझ्या मैत्रिणीचा बोका त्यावरच वाचला. तेव्हा "डॉक्टरांना माहीत नसलेलं औषध ग्रुपवर मिळतं" हे वाक्य मांजरवाल्यांच्या कानाला खोटं वाटत नाही. त्या हरामखोराला हे पक्कं ठाऊक होतं. त्याने पहिल्याच फोनवर विचारलं, "मॅडम, जीएस ऐकलंय ना? तसंच हे, कॅन्सरसाठी."

पहिला हप्ता १८,५०० रुपये, "इम्युनो ड्रॉप्स"ची बाटली. मग ७,४०० रुपये, कस्टममधून माल सोडवायला. मग थंड पेटीची अनामत ६,०००, परत मिळणार होती म्हणे. कस्टमची रक्कम कुठल्या तरी मोबाइल अॅक्सेसरीजच्या दुकानाच्या नावावर भरायला लावली. यूपीआयवर पिन टाकण्याआधी समोर येणारं नाव वाचत जा. वाचून थांबत जा.

बायोप्सीचं मी त्याला सांगितलं तेव्हा म्हणाला, "चुकूनही करू नका, सुरी लागली की कॅन्सर पसरतो." हे आपण घराघरात माणसांबद्दलही ऐकत आलोय. माझी आजीही हेच म्हणायची. मी मॅडमना फोन करून तारीख पुढे ढकलली.

बाटली आली. ड्रॉप्स सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत चिंगी जेवायला लागली. वाटी चाटूनपुसून साफ. खिडकीत जाऊन बसायला लागली. मी रडले, ग्रुपवर आभाराचा मेसेज टाकला, आणि त्याच संध्याकाळी "दुसऱ्या टप्प्याचे" २२,००० पाठवले. माझा तो मेसेज नंतर कुणाकुणाला पुरावा म्हणून दाखवला गेला असेल, या विचाराने अजूनही झोप लागत नाही.

आणि आता तो फोटो. हा विषय मनातून जात नाही. "आधी"च्या फोटोतल्या मांजराच्या डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं होतं. रस्त्यावरच्या मांजराची नसबंदी झाली की खूण म्हणून कापतात तसं. "नंतर"च्या फोटोत दोन्ही कान पूर्ण, टोकदार. कापलेला कान पुन्हा वाढत नाही. मी आमच्या गल्लीतली मांजरं पकडून नसबंदीला नेते, ती खूण मला लांबूनही ओळखू येते. मी ते पाहिलं होतं! फोटो मोठा करून पाहिला होता आणि कॅमेऱ्याचा कोन असेल म्हणून पुढे गेले. दुसरं म्हणजे त्याने चिंगीचं वजन एकदाही विचारलं नाही. पिनकोड विचारला, वजन नाही. मांजरांचा कुठलाही डॉक्टर आधी काट्यावर ठेवतो, शंभर-दोनशे ग्रॅमचा फरकही लिहून घेतो. वजन न विचारता डोस सांगणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

शेवटी तो स्वतःच उघडा पडला. "कणकण वाटली तर पॅरासिटामॉलची पाव गोळी द्या," असा मेसेज आला. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, पाव गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. हे ज्याला ठाऊक नाही तो डॉक्टर नव्हे. मी बाटली घेऊन तशीच मॅडमकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, एवढी झटकन भूक वाढली म्हणजे यात बहुधा स्टेरॉइड आहे. जे बायोप्सीआधी द्यायचं नव्हतं, तेच मी दिवसातून दोनदा मोजून पाजत होते.

मग तक्रारींची वणवण. पोलीस चौकीत पहिला प्रश्न: "मांजरासाठी?" मागे बसलेला एक जण हसला. मग म्हणे, वस्तू तर तुम्हाला मिळाली, मग फसवणूक कसली? पत्ता परराज्यातला निघाल्यावर म्हणे, तिकडेच जा. मी सांगितलं, गुन्हा कुठेही घडला तरी नोंदवून घ्यायचा, झिरो एफआयआर आता कायद्यात आहे, भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे. "मॅडम, आम्हाला शिकवू नका." बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात. औषधांच्या कार्यालयात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, आणि शेवटी "जनावरांचं औषध आमच्याकडे येत नाही." का येत नाही? औषधे आणि चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा १९५४ चा कायदा काढून वाचा. त्यातल्या औषधाच्या व्याख्येत माणसं आणि प्राणी दोन्ही आहेत, आणि ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे त्या यादीत कॅन्सर आहे. मी प्रिंट काढून नेली होती. साहेबांनी ती न बघता कागदाखाली सरकवली. दुसऱ्या एका कार्यालयात कळलं, तो माणूस नोंदणीकृत पशुवैद्य असता तर त्याच्यावर कारवाई करता आली असती. नोंदणीच नाही, म्हणून काही करता येत नाही. म्हणजे जो खोटा डॉक्टर आहे तोच सगळ्यात सुरक्षित! पगार कसला घेता तुम्ही?

पैसे गेल्याचं कळताच, त्याच तासात, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढे सरकायच्या आत खात्यात अडकवता येते. माझ्या लक्षात आलं तोवर फार उशीर झाला होता. बाटली फेकू नका, लेबलसकट ठेवा. चॅट पुसायच्या आधी निर्यात करून घ्या. मला ग्रुपमधून काढल्यावर त्याने आपले मेसेज सगळ्यांसाठी पुसून टाकले होते. डॉक्टर म्हणवणाऱ्याचा राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा आणि स्वतः पडताळा. दुसरं मत हवं असेल तर मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, खऱ्या डॉक्टरांकडे जा. आणि तुमच्या डॉक्टरांपासून काही लपवू नका. मी लपवलं, कारण त्या रागावतील असं वाटलं. त्या रागावल्या नाहीत.

बायोप्सी आता झाली. स्टेरॉइडमुळे रिपोर्टमध्ये "निश्चित सांगता येत नाही" असा शेरा आलाय. मॅडमनी लहान पेशींचा धरून गोळ्या सुरू केल्यात. क्लोरॅम्ब्युसिल हातमोजे घालून देते, गोळी तोडायची नाही. चिंगी खातेय, पण ते कशाच्या जोरावर, हे आता मला कुणी सांगू शकत नाही.

त्याची जाहिरात नव्या नावाने परत सुरू झाली आहे, फोटो तेच. दिसली तर त्याला मेसेज करू नका. तारीख आणि लिंक दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि सायबर पोर्टलवर तक्रार टाका. कुणी आधीच पैसे भरले असतील तर लाजू नका, तुमचीही तक्रार नोंदवा आणि खाते क्रमांक लिहा. एकाच खात्यावर चार-पाच तक्रारी गेल्या तर चौकीत हसणाऱ्याला निदान फाइल तरी उघडावी लागेल.