ऑफिस सुटल्यावर मराठी पिक्चर: मॉलमधलं मल्टिप्लेक्स की दादरचं जुनं थिएटर?

आमच्या ऑफिसात डबा उघडला की दोनच विषय निघतात, काल रात्रीच्या मालिकेत काय झालं आणि शुक्रवारी कुठला पिक्चर लागतोय. गेल्या आठवड्यात टीममध्ये नवीन आलेल्या एका मुलीने विचारलं, मराठी पिक्चर बघायचाय तर इथेच मॉलमध्ये बघू का दादरला जाऊ? डब्याच्या अर्ध्या तासात सगळं सांगून झालं नाही म्हणून नीट लिहून काढतोय. माझं ऑफिस लोअर परळला, घर डोंबिवलीला आणि सुट्टी फक्त रविवारची. तुमचं गणित वेगळं असेल तर त्या हिशोबाने बघा.

मल्टिप्लेक्सचं चांगलं आधी सांगतो कारण ते खरंच चांगलं आहे. आवाज. आताच्या मराठी पिक्चरमध्ये लोक हळू बोलतात, मागे पाऊस असतो, लांबून कुठेतरी भजन ऐकू येत असतं, आणि हे सगळं तिथे स्वच्छ ऐकू येतं. एका जुन्या थिएटरात मी असाच एक शांत पिक्चर बघितला होता तर पंख्याच्या घरघरीत अर्धे संवाद गेले. शिवाय लिफ्ट आहे, बाथरूम स्वच्छ असतं, घरातली म्हातारी माणसं बरोबर असतील तर हे फार महत्त्वाचं आहे आणि त्यासाठी कोणी जास्त पैसे मोजले तर मी त्यांना चूक म्हणणार नाही.

पैशांचं फार बोलत नाही, सगळ्यांना माहितीये. फक्त एवढंच की सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के झालाय आणि शंभरच्या वर १८ टक्केच आहे, त्यामुळे स्वस्त तिकीट आणखी थोडं स्वस्त पडतं. पॉपकॉर्न धरलं तर दोघांच्या खर्चात मला तरी निम्म्याहून जास्त फरक पडतो.

पण माझा निर्णय पैशावर झाला नाही, वेळेवर झाला.

मराठी पिक्चर मल्टिप्लेक्सला लागतो तेव्हा त्याच्या वेळा बघा. सकाळी सव्वादहा, दुपारी पाऊण, नाहीतर रात्री पावणेअकरा. सकाळी आपण गाडीत लटकत असतो, दुपारी मीटिंगमध्ये असतो आणि पावणेअकराचा शो सुटेपर्यंत एक वाजून जातो, तोपर्यंत दादरहून शेवटची कर्जत लोकलही गेलेली असते. २०१५ मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी पिक्चर लावायला सांगितलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. आधी संध्याकाळी ६ ते ९ अशी वेळ होती, मग बराच वाद झाला आणि शेवटी दुपारी १२ ते रात्री ९ असं ठरलं. आता मंगळवारी दुपारी साडेबाराला शो लावला तरी नियम पाळला जातो, पण साडेबाराला नोकरी करणारा माणूस पिक्चर कसा बघणार? आपल्या कामाचे त्यातले शेवटचे तीनच तास, आणि त्या तीन तासांत बहुतेक वेळा मोठा हिंदी पिक्चर असतो. मग प्रेक्षक येत नाहीत म्हणून शो कमी करतात, शो कमी म्हणून प्रेक्षक येत नाहीत.

एकदा नशिबाने बुधवारी सव्वासातचा शो मिळाला. साहेबांना दोन दिवस आधी सांगून ठेवलं की बुधवारी मी सहाला निघणार, कारण आपल्याकडे सहाला उठायचं तरी विचारूनच उठावं लागतं. आईला पण बोलावलं होतं, तिला त्यातली नटी मालिकेपासून आवडते. पाच वाजून दहा मिनिटांनी मेसेज आला, तुमचा शो रद्द झालाय, पैसे पाच ते सात दिवसांत परत मिळतील. मी आईला फोन लावला तर ती गाडीत, घाटकोपर आलेलं, नारायणपेठी नेसलेली आणि डोंबिवली स्टेशनबाहेरून गजरा घेऊन माळलेला. काउंटरवरच्या मुलाला जाऊन विचारलं तर तो म्हणाला, नऊच तिकिटं गेली होती सर, म्हणून तो स्क्रीन दुसऱ्या पिक्चरला दिला. त्या मुलावर माझा राग नाही, त्याच्या हातात काहीच नव्हतं. आई म्हणाली, असू दे रे, पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात तो पिक्चर फक्त सकाळी दहा वीसला होता, आणि त्यानंतर गेलाच. आईचा तो पिक्चर थिएटरात बघायचा राहिला तो राहिलाच, आणि मला अजून त्याचं वाईट वाटतं.

त्यानंतरचा मराठी पिक्चर आम्ही दादरला प्लाझाला बघितला. लोअर परळहून प्रभादेवी आणि मग दादर, दोनच स्टेशनं, साडेसहाला निघालो तरी पोचतो, सुटल्यावर चालत स्टेशनला येऊन स्लो लोकल पकडता येते. कोतवाल उद्यानाजवळचं हे थिएटर १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटात सापडलं होतं आणि परत उभं राहिलं, आई अजून तिथून जाताना ते सांगते. दादर पूर्वेचं चित्रा थिएटर २०१९ मध्ये बंद झालं, त्यामुळे जी उरलीत त्यांची किंमत मला आता जास्त वाटते.

तिथे माझा अनुभव असा आहे की मराठी पिक्चरला संध्याकाळचा शो मिळतो आणि लागलेला शो होतो. मी सहा-सात वेळा गेलोय, एकदाही परत फिरावं लागलं नाही. तुमच्या वेळी असंच होईल याची खात्री मी देऊ शकत नाही, पण माझ्यासाठी एवढं पुरेसं आहे.

आणि माणसं. मल्टिप्लेक्सला शंभर-दीडशे खुर्च्यांत आम्ही चौदा जण होतो, विनोदावर हसावं तर आपलाच आवाज ऐकू येतो. प्लाझाला मागच्या रांगेत तीन मावश्या होत्या, एकीने इंटरव्हलच्या आधीच ओळखलं, "अगं ही ती साडेआठच्या मालिकेतली धाकटी सून ना?" दुसरी म्हणाली, "तिथे नुसती रडते, इथे बघ किती छान काम करतेय." आई वळून त्यांच्याशी बोलायला लागली आणि इंटरव्हलला चौघींनी मिळून चहा घेतला. कोणाला ही बडबड त्रासाची वाटेल, मला मान्य आहे, शांतपणे बघायचा पिक्चर असेल तर मीही मल्टिप्लेक्सलाच जाईन, रविवारी सकाळच्या शोला, तेव्हा सव्वादहाची वेळ चालते. पण कामाच्या दिवशी, चार माणसं बरोबर घेऊन, हसायचा-रडायचा मराठी पिक्चर असेल तर दादर.

फक्त पहिल्याच आठवड्यात जा, आणि गुरुवार टाळा, शुक्रवारी नवीन पिक्चर येणार म्हणून गुरुवारी ऐनवेळी वेळा बदललेल्या मी बघितल्यात. निघायच्या आधी त्या दिवसाची वेळ एकदा बघून घ्या.

त्या मुलीला मी हेच थोडक्यात सांगितलं, आता आम्ही डब्याच्या टेबलावरचे पाच जण पुढच्या मंगळवारी जातोय. साहेबांना सांगून ठेवलंय. आई पण येणार आहे, ती म्हणाली तू ऑफिसातून सावकाश ये, मी साडेपाचलाच दादरला उतरून फूल मार्केटातून गजरे घेते, त्या मुलीला पण एक घेते.