आजीच्या जन्मदाखल्यावर ब्रिटनचा व्हिसा : दादरच्या एका सल्लागार कार्यालयाचा अनुभव

राष्ट्रकुलातील देशाच्या नागरिकाचे आजी किंवा आजोबा ब्रिटनमध्ये जन्मलेले असतील, त्याचे वय किमान 17 वर्षे असेल आणि तिथे नोकरी करून स्वतःचा खर्च भागवण्याची त्याची तयारी असेल, तर त्याला 5 वर्षांचा व्हिसा मिळू शकतो. माझी आजी ग्लासगोत जन्मलेली असल्याने मी दादरमधील एका सल्लागार कार्यालयाची मदत घेतली.

पहिल्या भेटीत मला जो सल्ला मिळाला, तो सरळ चुकीचा होता. समोरच्या तरुणाने आजीचा संक्षिप्त जन्मदाखला पाहून कागद पूर्ण असल्याचे सांगितले. प्रत्यक्षात त्यावर आईवडिलांची नावेच नसतात. आरोग्य अधिभाराचा, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसा अर्जदाराला भराव्या लागणाऱ्या रकमेचा, तर त्याने उल्लेखही केला नाही. वर्षाला 1035 पौंड याप्रमाणे 5 वर्षांचे 5175 पौंड अर्जासोबत एकरकमी भरावे लागतात, हे मला कार्यालयाच्या शुल्काची अर्धी रक्कम दिल्यानंतर कळले, आणि ही गोष्ट मला अजूनही खटकते.

दुसऱ्या भेटीत मात्र एका ज्येष्ठ बाईंनी फाइल हाती घेतली आणि सगळे कागद टेबलावर पिढीच्या क्रमाने मांडले. आजीच्या दाखल्यावर ‘मार्गारेट’ होते, बाबांच्या महापालिकेच्या जन्मदाखल्यात आईचे नाव ‘मालती’, कारण लग्नानंतर आजीचे नाव बदलले होते. त्या दोन नावांवर पेन्सिलीने हलकी खूण करून बाई म्हणाल्या, “तुमच्या घरी हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण अर्ज तपासणाऱ्याला कुठून कळणार?” त्यांच्या सांगण्यावरून मी स्कॉटलंडहून आजीचा संपूर्ण जन्मदाखला मागवला, आजीआजोबांचा विवाहदाखला शोधला आणि दोन्ही नावे असलेला आजीचा जुना पासपोर्ट जोडला. क्षयरोगाच्या तपासणीसाठी मान्यताप्राप्त केंद्रातच जावे लागते, हेही त्यांनी वेळेवर सांगितले.

त्याच दिवशी एक गृहस्थ पणजोबांचा लंडनचा दाखला घेऊन आले होते. पणजोबांच्या जन्मावर हा व्हिसा मिळत नाही, असे बाईंनी त्यांना एक रुपयाही न घेता स्पष्ट सांगितले, आणि त्या क्षणी माझा या कार्यालयावर विश्वास बसला.

मला व्हिसा मिळाला. या कार्यालयात जाणाऱ्याने पैसे देण्याआधी एकूण खर्च लेखी मागावा आणि फाइल त्या बाईंनीच तपासावी, असा आग्रह जरूर धरावा.