मोजक्या तारांवर उभे राहिलेले उद्ध्वस्त जग

नॉटी डॉग या स्टुडिओचा ‘द लास्ट ऑफ अस’ हा गेम २०१३ साली प्लेस्टेशन ३ वर आला आणि २०२२ मध्ये प्लेस्टेशन ५ साठी नव्याने घडवला गेला. ही नवी आवृत्ती मी हेडफोन लावून खेळले, आणि पहिल्या वेळी कथेच्या ओघात निसटलेली गोष्ट या खेपेस ध्यानात आली : बुरशीच्या साथीने उद्ध्वस्त झालेल्या अमेरिकेची ही कहाणी मनात घर करते, त्यात तिच्या संगीताचा वाटा फार मोठा आहे आणि ते संगीत अत्यंत जपून वापरलेले आहे.

संगीतकार गुस्ताव्हो सांताओलाया हे अर्जेंटिनाचे. चित्रपटसंगीतासाठी दोन ऑस्कर मिळवलेले हे कलावंत स्वरलिपी वाचत किंवा लिहीत नाहीत. वाद्य हातात घेऊनच ते रचना करतात. येथे त्यांनी गिटार आणि रोनरोको हे अँडीज पर्वतप्रदेशातील, पाच जोड्यांत दहा तारा असलेले वाद्य मध्यवर्ती ठेवले आहे. शीर्षकधून सुरू होते तेव्हा तारेवरून सरकणाऱ्या बोटांची खरखर स्पष्ट ऐकू येते. ती पुसून टाकलेली नाही, हे मला फार मोलाचे वाटते, कारण त्या खरखरीमुळेच ओसाड शहरात कुणीतरी आपल्या शेजारी बसून वाजवत असल्याचा भास होतो.

बुरशीची लागण होऊन दृष्टी गेलेले, ‘टक्‌ टक्‌’ आवाजावरून माणसाचा वेध घेणारे क्लिकर जवळपास असतात, तेव्हा संगीत बहुधा मागे सरते आणि आपणही श्वास रोखून ऐकू लागतो. चकमकीतील तालवाद्यांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. शेवटचा शत्रू पडताच ती ओसरतात, त्यामुळे धोका टळल्याचे पात्रांआधी खेळणाऱ्याला कळते आणि भीतीची धार बोथट होते.

या साऱ्याचे चीज होते ते सॉल्ट लेक सिटीत. जीवघेण्या हिवाळ्यानंतर कथेतील किशोरवयीन मुलगी एली अबोल झालेली असते. तिला बोलते करण्यासाठी तिचा प्रवासातला सोबती जोएल गिटार शिकवण्याचे आश्वासन देतो. पुढे पडक्या इमारतीत एक जिराफ पाने खाताना दिसतो, एली त्याच्या मानेवरून हात फिरवते आणि तारांची हळुवार धून उमटते. त्यानंतर गच्चीच्या कठड्याशी उभे राहून जिराफांचा कळप किती वेळ पाहायचा, हे गेम आपल्यावर सोडतो. मी बराच वेळ कंट्रोलरला हात लावला नाही.

२०२० साली आलेल्या गेमच्या दुसऱ्या भागात ते आश्वासन पूर्ण झालेले दिसते. तिथे कंट्रोलरच्या टचपॅडवरून बोट फिरवले की एलीच्या गिटारच्या तारा छेडल्या जातात.