कोथरूडचं मॅरेज काउन्सेलिंग: दोघांनी मिळून जा

ह्यांना आधी यायचंच नव्हतं, घरातलं बाहेर कशाला म्हणून. पण मॅडमनी कुणाचीच बाजू घेतली नाही, दोघांना वेगवेगळ्या कागदावर घरातली कामं लिहायला लावली, सिलिंडर बुक करणं, सासूबाईंच्या गोळ्या लक्षात ठेवणं सगळंच, माझा कागद पाठपोट भरला!! २०१९ च्या सरकारी सर्वेक्षणातही स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटं आणि पुरुषांची ९७ आहेत म्हणे. आणि ह्यांचंही नीट ऐकलं, कमवायचं एकट्यानेच, पुरुषाने रडायचं नाही, याने हे आतून किती दमलेत ते मला तिथेच कळलं. फी जरा जास्त वाटते पण खरंच जा, फक्त संध्याकाळची अपॉइंटमेंट आधीच घेऊन ठेवा.