कॅसिओ एफएक्स-९९१ ईएस प्लस: बायनरीसाठी कितपत कामाचा?

या कॅल्क्युलेटरवर मोड दाबून ४ घेतलं की बेस-एन उघडतं, म्हणजे बायनरीसारख्या (फक्त ० आणि १ च्या) संख्यापद्धतींचा मोड. ४५ टाका, बरोबरचं बटण दाबा, मग लॉगचं बटण, कारण इथे तेच 'बिन'चं, म्हणजे बायनरीचं, काम करतं. पडद्यावर ००००००००००१०११०१ येतं. पुढची शून्यं सोडून उत्तर १०११०१.

पण परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात आणि त्या हा दाखवत नाही. वहीत २ ने भागत जायचं: भागाकार २२, ११, ५, २, १, ०; बाकी १, ०, १, १, ०, १. बाकी खालून वर वाचायची. वरून वाचली तर १०११०१ ऐवजी १०११०१ च येतं! ४५ ची बायनरी उलटसुलट सारखीच, म्हणून सरावाला तो घेऊच नका. २६ घ्या: बरोबर ११०१०, उलट वाचलं तर ०१०११, म्हणजे ११.

खरी अडचण १६ बिटांची, म्हणजे बायनरीच्या १६ अंकांच्या मर्यादेची. ३२७६७ च्या पुढे बायनरी मागितली की मॅथ एरर. ४०००० हवेत? हेक्समध्ये (१६ अंकांची पद्धत: ० ते ९, मग ए ते एफ) न्या, ९सी४० येईल. प्रत्येक अंकाचे चार बिट लिहा: १००१ ११०० ०१०० ००००. ऋण संख्या टू'ज कॉम्प्लिमेंटमध्ये (सगळे बिट उलटवून १ मिळवलेली) दिसते: -४५ म्हणजे ११११११११११०१००११.

या मोडमध्ये ४५ ÷ २ केलं तर २२ च येतं, अपूर्णांक गळतो. भागाकार तपासायला उलट बरंच आहे. काम झालं की मोड, १ दाबून परत या, नाहीतर पुढच्या गणितातही दशांश गायब.