मोटर फिरत नाही? 'वायरिंग तुमचंच चुकलंय' हे लगेच मान्य करू नका

विद्यार्थ्यांना आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) विमानाचं सामान विकणाऱ्या काही जणांचा धंदा एकाच भरवशावर चालतो. मोटर फिरली नाही की पोरं आधी स्वतःवरच शंका घेतात. बाइंडिंग (रिमोट आणि विमानातल्या रिसिव्हरची जोडणी) राहिलं असेल, कॅलिब्रेशन चुकलं असेल, सोल्डर कच्चं असेल. तोवर आठवडे निघून जातात, सबमिशन जवळ येतं आणि वैतागून नवी मोटर विकत घेतली जाते. बऱ्याचदा त्याच माणसाकडून.

आमचा ग्रुप पुण्यातला, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा. फोमशीट आणि कोरोप्लास्ट कापून विमानाचा सांगाडा आम्हीच केला. इलेक्ट्रॉनिक्स घेतलं व्हॉट्सअ‍ॅपवर 'फायनल इयर स्पेशल कॉम्बो' विकणाऱ्या एकाकडून: २२१२ आकाराची १००० केव्ही मोटर (केव्ही म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे, किलोव्होल्ट नव्हे), ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), चार सर्व्हो (विमानाच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि तीन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी. सगळं मिळून साडेतीन हजार, यूपीआयने आगाऊ. पक्कं बिल मागितलं तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो आला. मोटरच्या तिन्ही तारा आखूड आणि टोकं उघडी होती, एकमेकांत बसणाऱ्या पिना म्हणजे बुलेट कनेक्टर नव्हते. त्यावर म्हणाला, "बुलेट कनेक्टर तुम्हीच सोल्डर करून घ्या, तुम्ही इंजिनिअरिंगवाले ना!" हे वाक्य लक्षात ठेवा.

बॅटरी जोडली. सर्व्हो व्यवस्थित हलले, म्हणजे रिसिव्हर बाइंड झालेला आणि ईएससीमधून त्याला ५ व्होल्टही मिळतायत. मग तीन सेलचे तीन बीप आणि एक लांब बीप. हे बीप मोटरच्याच गुंडाळ्यांतून येतात, त्यामुळे मोटर ठणठणीत आहे असं कुणालाही वाटेल. रिमोटवरचा थ्रॉटल (वेगाची कांडी) वर केला की शाफ्ट जागच्या जागी थरथरायचा. फिरायचा नाही.

फोनवर साहेबांकडे उत्तरं तयार होती. थ्रॉटल कॅलिब्रेट करा. केलं. चॅनेल रिव्हर्स करून बघा. बघितलं. तीनपैकी दोन वायर अदलाबदल करा. आता याने मोटर फक्त उलट दिशेने फिरते, हे दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं, तरी तेही केलं. शेवटी ठेवणीतला डायलॉग आला: "दादा, बाकी सगळ्यांची चालते, तुमचीच कशी नाही चालत?"

कॉलेजच्या एअरोमॉडेलिंग क्लबकडे चालू सेट होता. त्यांची मोटर आमच्या ईएससीला लावली तर भन्नाट फिरली. आमची मोटर त्यांच्या ईएससीला लावली तर पुन्हा तीच थरथर. मग मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड सलग असेल तर वाजतो) ठेवून तारा दोन-दोन तपासल्या. चांगल्या मोटरमध्ये तिन्ही जोड्या वाजल्या पाहिजेत. आमच्यात एकच जोडी वाजली. तिसरी तार कुणाशीच बोलेना. प्रोब मोटरच्या अगदी तोंडाशी, सोल्डरच्या अलीकडे टोचला तरी तेच, म्हणजे आमच्या सोल्डरचा काही संबंध नव्हता. मीटर नसेल तर दोन तारांची टोकं एकमेकांना टेकवून शाफ्ट हाताने फिरवा. गुंडाळी शाबूत असेल तर शाफ्ट जड लागतो, तुटलेली असेल तर मोकाट फिरतो.

मग शाफ्टची सर्कलिप (अडकवायची छोटी रिंग) काढून मोटर उघडली. स्टेटरच्या (मोटरच्या आतल्या न फिरणाऱ्या भागाच्या) काही दातांवरची तार काळपट तपकिरी पडलेली, जळक्या इनॅमलचा वास अजून येत होता. जिथून तारा बाहेर येतात तिथे एक जळून तुटली होती आणि वर गोंद थापून नवीन हीटश्रिंक (तापवली की आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवलेली. माउंटिंगच्या भोकांत निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) सुकलेलं. कोऱ्या मोटरच्या भोकांत ते कुठून येणार? कुणाच्या तरी क्रॅशमधली जळकी मोटर पुसून 'नवी' म्हणून आमच्या गळ्यात मारली होती.

फोटो पाठवले. उत्तर काय, तर "तुम्ही सोल्डर केलं, वॉरंटी गेली. उघडली, आता तर विषयच संपला." तारा उघड्या ठेवून मोटर विकण्यातली मेख ही: सोल्डर केल्याशिवाय तपासता येत नाही असं तुम्हाला वाटतं आणि सोल्डर केलं की तो मोकळा. वर, बदलून देतो पण पाचशे रुपये 'टेस्टिंग चार्ज' आधी पाठवा म्हणाला. तो आम्ही पाठवला नाही. दुसऱ्या एका कॉलेजच्या ग्रुपने पाठवला होता, त्यांना ना मोटर मिळाली ना पैसे.

त्यामुळे पार्सल फोडतानाच व्हिडिओ काढा आणि त्याच व्हिडिओत, सोल्डरिंग आयर्न तापवायच्या आधी, तिन्ही जोड्या मीटरवर वाजवून दाखवा. टोकं उघडी असली तरी हे सहज होतं. माउंटिंगच्या भोकांत टॉर्च मारा. बॅटरी लावून कसलीही चाचणी करताना प्रोपेलर काढलेला हवाच. थरथरणारी मोटर अचानक सुटली तर बोटं जातात. आणि पक्क्या बिलाशिवाय आगाऊ पैसे देऊ नका.

आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पक्कं बिल नव्हतं, म्हणून यूपीआयची पावती, चॅटचे स्क्रीनशॉट आणि तो चिठ्ठीचा फोटो जोडला. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरलंय; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीचं शुल्क नसतं. पैसे अजून आलेले नाहीत. परवा ज्युनियर्सच्या ग्रुपवर त्याच माणसाच्या त्याच कॉम्बोची जाहिरात पडली, तिच्याखाली आम्ही मल्टिमीटरचा व्हिडिओ टाकलाय.