शहाबादी फरशी, ब्लॉक आणि आडवा चर: उताराच्या परसातला एक पावसाळा

आमचं घर जुळे सोलापुरात. परस वीस फूट रुंद, तीस फूट लांब, आणि मागच्या कंपाउंडपासून घराकडे जवळजवळ दोन फूट उतार. म्हणजे पाऊस पडला की पाणी थेट स्वयंपाकघराच्या दारावर. 2025 च्या पाडव्याला फरशीचं काम संपलं. आता जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्राही झाली, म्हणजे उन्हाळा, पावसाळा आणि थंडी तिन्ही पाहून झालं. शेजारीपाजारी आणि नातेवाईक सारखे विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

सोलापूरला पाऊस कमी, त्यासाठी कशाला एवढा खटाटोप, हे मला काम चालू असताना निदान पाच-सहा जणांनी ऐकवलं. वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर ही गोष्ट खरी. पण तो रिमझिम पडत नाही. वळवाची एक सर आणि परतीचा सप्टेंबर, यात अर्धी कसर भरून निघते. सहाशे चौरस फुटांच्या परसात पन्नास मिलिमीटर पाऊस पडला तर पावणेतीन हजार लिटर पाणी होतं. मातीचं परस त्यातलं थोडं पितं, फरशी काहीच पीत नाही. गच्चीचं पाणी मागे सोडलं असेल तर ते वेगळंच.

दुसरी गोष्ट माती. खाली काळी माती आहे हे फरशीचा दर विचारताना कुणी धरतच नाही. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते, आणि एकदा पोटभर भिजली की पाणी आत घेत नाही. आमच्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "वहिनी, फरशी कुणीबी बसवतंय. पाणी कुठं जाणार ते आधी सांगा." मला तेव्हा ते आगाऊपणाचं वाटलं. सप्टेंबरनंतर तसं वाटत नाही.

रचना अशी केली. परसाचे दोन टप्पे पाडले. वरचा बारा फुटांचा, खालचा अठरा फुटांचा, मध्ये दोन फुटी दगडी भिंत आणि चढायला पायऱ्या. वर सिमेंटचे ब्लॉक, खाली शहाबादी. खालच्या टप्प्याचा ढाळ मात्र घराकडे नाही, घराकडून मागे भिंतीकडे, पाच फुटाला एक इंच. वरचं पाणी भिंतीवरून खाली आणि घराकडचं पाणी उलट मागे, दोन्ही भिंतीच्या पायथ्याला असलेल्या आडव्या चरात पडतं. चर सहा इंच रुंद, वर लोखंडी जाळी. सुरुवातीला चार इंच खोल, शेवटाला साडेसहा इंच. तिथून चार इंची पाईप बाजूच्या बोळातून पुढे, एका चेंबरमध्ये.

या चरावर आणि पाईपवर एकूण खर्चाचा साधारण सहावा हिस्सा गेला आणि घरात त्यावरूनच सर्वांत जास्त वाद झाला, कारण ते पैसे डोळ्यांना दिसत नाहीत. आज विचाराल तर बाकीचं सगळं स्वस्तातलं घ्या, पण हे सोडू नका.

परीक्षा अपेक्षेपेक्षा लवकर झाली. त्या वर्षी मान्सून मे महिन्यातच महाराष्ट्रात आला, आणि त्याच्या आधी वळीवही भरपूर झाला. पहिल्याच सरीत चरातल्या पाईपचं तोंड कडुलिंबाच्या काड्यांनी बुजलं, कारण पानगळ फाल्गुन-चैत्रात होते आणि बारीक पान-काडी जाळीतून सरळ आत जाऊन पाईपच्या तोंडाशी बसते. पाणी तुंबलं, पण घराकडे आलं नाही, कारण चर घरापेक्षा खाली होता. तेव्हापासून पाईपच्या तोंडाशी कांद्याच्या पिशवीसारखी जाळी बांधून ठेवली आहे. ती काढून झटकली की झालं. चरावरची जाळी दोन-दोन फुटांच्या तुकड्यांत करून घ्या. अख्खी केली तर उचलायला दोन माणसं लागतात आणि मग ती कुणी उचलतच नाही. आमची जाळी साध्या लोखंडाची आहे, रंग दिला तरी कडांना गंज धरलाय. तेवढं चालतं.

सप्टेंबरात सीना नदीला पूर आला, जिल्ह्यात शेतांची, घरांची काय अवस्था झाली ते सर्वांनी पाहिलं. त्यापुढे आमच्या परसाचं काय कौतुक सांगायचं. पण फरशीबद्दल लिहायला बसले आहे म्हणून सांगते: त्या आठवड्यात चर एकदाही काठोकाठ भरला नाही. तासाला साठ मिलिमीटरच्या जोराने पाऊस पडला तरी एवढ्या परसातून सेकंदाला लिटरभरच पाणी येतं. ढाळ नीट असेल तर चार इंची पाईप त्याच्या कितीतरी पट पाणी नेतो. पाईप लहान पडल्याने पाणी तुंबतं असं लोक समजतात. बहुतेक वेळा ढाळ चुकलेला असतो किंवा तोंड बुजलेलं असतं.

मधल्या भिंतीबद्दल थोडं. तिच्या मागे मातीऐवजी आठ-नऊ इंच जाडीची खडी भरली, तळाला भोकांचा पाईप टाकला आणि भिंतीतून चार-पाच फुटांवर तीन इंची पाईपचे तुकडे बाहेर काढले. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी त्या तुकड्यांतून पाणी ठिबकत होतं. ते पाणी भिंतीमागे साचलं असतं आणि त्यात काळी माती फुगली असती, तर भिंत पुढे कलली असती. आमच्याच गल्लीत एका ठिकाणी पाणी बाहेर पडायला वाट न ठेवता भिंत बांधली आहे, तिला पोट आलंय.

आता ब्लॉक. "पाणी झिरपणारे" म्हणून दुकानदाराने खूप सांगितलं होतं. साठ मिलिमीटर जाडीचे आहेत, खाली एक फूट काळी माती काढून मुरूम दाबला, त्यावर पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, वीस मिलिमीटरची खडी, मग ग्रिट म्हणजे दगडाची बारीक कच. जूनपर्यंत खरोखर पाणी गिळत होते. मग सांध्यांत धूळ आणि गाळ बसला, आणि सप्टेंबरात पाणी वरूनच वाहायला लागलं. त्यात ब्लॉकचा दोष थोडाच. खाली माती पाणी घेत नसेल तर वरून झिरपून ते जाणार कुठे? खडीच्या थरातून भिंतीमागच्या पाईपकडे वाट काढून दिली आहे, म्हणून आमचं निभावलं. नुसत्या काळ्या मातीवर ग्रिट पसरून हे ब्लॉक कुणी बसवून देत असेल तर जादा पैसे मोजू नका, साधे ब्लॉक घ्या. सांध्यांत हरळी उगवते, ती उपटणं हे एक कामच होऊन बसलंय.

दिवाळीनंतर माती आकसली तेव्हा मागच्या कंपाउंडलगतच्या केळी-कर्दळीच्या वाफ्यात, ब्लॉकच्या कडेने बोटभर भेग पडली. कोपऱ्यातले चार-पाच ब्लॉक खाली बसले. बाकी कडेला कर्ब स्टोन, म्हणजे कडेचे आधाराचे दगड, काँक्रीटमध्ये बसवले होते, तिथे काही हललं नाही.

शहाबादी मला आवडली, पण तिचे लाड करावे लागतात. कलबुर्गीकडचा हा दगड आपल्याला जवळचा, म्हणून पॉलिशच्या टाइल्सपेक्षा स्वस्त पडतो. पॉलिश केलेली घेऊ नका. सावलीत शेवाळ धरलं की पाय सरकतो, आणि घरात सासूबाईंसारखं वयस्क माणूस असेल तर तो धोका पत्करू नये. आम्ही छिन्नीने टाके मारून खरबरीत केलेली घेतली. ती धुवायला अ‍ॅसिड वापरायचं नाही. हा चुनखडीचा दगड आहे, अ‍ॅसिडने फसफसतो आणि पांढरे डाग पडतात ते कायमचे. कामवाल्या मावशींना हे दोनदा सांगावं लागलं. एप्रिल-मे महिन्यात दुपारी अनवाणी पाय टेकवत नाही. त्याच उन्हात शेंगा, मिरच्या, कुरडया मात्र इतक्या छान वाळतात की सासूबाईंनी फरशीला तेवढ्याच कारणाने पास करून टाकलंय.

उन्हाळ्यात काम काढणाऱ्यांनी पाण्याचा विचार आधी करा. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि चराचं, फरशीच्या सांध्यांचं सिमेंट आठवडाभर ओलं ठेवावं लागतं. आम्ही गोणपाट अंथरून टँकरचं पाणी मारलं. घाई केलेल्या एका सांध्याला लगेच बारीक चीर दिसली.

पुढच्या चेंबरमधून पाणी आधी शोषखड्ड्यात जातं. खड्डा घराच्या पायापासून दहा फुटांहून जास्त लांब आहे, आणि काळी माती ओलांडून मुरूम लागेपर्यंत खणलाय. तो भरला की जास्तीचं पाणी रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात जातं. संडास-बाथरूमच्या ड्रेनेजला परसाचं पाणी जोडायचा सल्ला आम्हालाही मिळाला होता. तसं केलं तर एका मोठ्या सरीत ड्रेनेजच्या चेंबरमधलं पाणी उलटं घरात येतं. बोअरमध्येही परसाचं पाणी सोडलेलं नाही. तिथे फक्त गच्चीचं, तेही गाळून. परसात साबण, माती, कुत्र्या-मांजराची घाण सगळंच असतं.

आता बाकी आहे ते कोपऱ्यातले ब्लॉक उचलून खाली मुरूम दाबणं आणि वाफ्याच्या भेगेला कर्ब टाकणं. मिस्त्रींना शिवरात्रीनंतरचं सांगून ठेवलंय, म्हणजे पानगळीचा कचराही त्याच वेळी चरातून निघेल.